फवारणी करताना प्रोपोलिस घेतलं तर लिव्हर वाचतं का?

कपाशीवाला_परभणी: राम राम मंडळी. कपाशीवर फवारणी चालूए, संध्याकाळी डोकं जड होतंय, मळमळतंय. मेव्हणा म्हणतो प्रोपोलिसचे थेंब अन् मध घे, विष पेशीपर्यंत पोचतच नाही. बाटली लै महाग हाय. घेऊ का?

लॅबवाली: दादा मळमळतंय तर आधी दवाखाना, औषधाच्या डब्याचं लेबल सोबत न्या. प्रोपोलिस म्हणजे माश्या झाडाचा चीक आणून मेणात कालवतात ते. त्यातले फ्लेव्होनॉइड्स (झाडातली रसायनं) फ्री रॅडिकल्सना, म्हणजे पेशीचं आवरण खराब करणाऱ्या कणांना, आवरतात. कार्बन टेट्राक्लोराइड हे विषारी रसायन देऊन लिव्हर बिघडवलेल्या उंदरांवर फरक दिसलाय, पण ते उंदीर, डोस मोजूनमापून. आणि ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं फवारणीचं औषध नसांमधलं एन्झाइमच बंद पाडतं, तिथं थेंब काय करणार, दवाखान्यातलं ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषधच लागतं.

मोहोळ_अंबाजोगाई: अजून एक, आपली सातेरी माशी प्रोपोलिस जवळपास गोळाच करत नाही, पेटीत पाळलेली परदेशी मेलिफेरा माशी करते. म्हणून कुणी 'गावरान सातेरीचं प्रोपोलिस' विकत असंल तर ओळखून घ्या काय ते. अन् काहींना त्याची ॲलर्जी पण असते, मला पेटी साफ करताना हाताला चिकटलं की दोन दिस खाज.

कपाशीवाला_परभणी: लेबल तर फाडून फेकलं की वो, रिकामा डबा हाय, तोच घेऊन निघतो. हातमोजे होते पण उकाड्यात कोण घालतंय. मेव्हण्याला हे वाचून दाखवलं, तोंड पाडून बसलाय, त्यानं दोन बाटल्या आधीच मागवल्यात.

लॅबवाली: कपडे बदला, साबणानं अंग धुवा अन् लगेच निघा. गाडी दुसऱ्याला चालवू द्या.