ऑडी टीटीची ६० हजार किलोमीटरची सर्व्हिस: शोरूमला का बाहेरच्या गॅरेजला?

लातूरकर_टीटी

रामराम मंडळी. माझ्याकडं सेकंड हँड ऑडी टीटी हाय, २०१६ ची, ४५ टीएफएसआय क्वाट्रो म्हंजे चारी चाकांना ताकद जाणारी, पुण्यातनं घेतलेली, रीडिंग ५८ हजार. वॉरंटी कवाच संपलीय. आता ६० हजारची मोठी सर्व्हिस आलीय आन लातूरात हिला हात लावायला कुणी तयार नाही. आमच्या नेहमीच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडून बगितलं, परत बंद केलं आन म्हणला दादा हे आपल्याच्यानं होणार नाही, उगं पैसे घेऊन मी तुमची गाडी बसवायचो. प्रामाणिक माणूस.

मग संभाजीनगरला दोन ठिकाणी विचारलं. शोरूमचं एस्टिमेट आलं १,३८,४०० टॅक्स धरून. बाहेरच्या एका गॅरेजवाल्यानं व्हॉट्सॲपवर एवढंच टाकलं, ऑइल सर्व्हिस, स्पार्क प्लग, डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ऑइल, फ्रंट ब्रेक पॅड, ५८ हजार टोटल. म्हंजे ऐंशी हजाराचा फरक. हमीभावानं धरलं तरी पंधरा क्विंटल सोयाबीन झालं की हो हे! घरी अजून आकडा सांगितला नाही.

कुणी दोन्हीकडं काम करून बगितलंय का, फरक नेमका कशाचा असतो, शोरूमवाले लुटायलेत का बाहेरचा काम अर्धवट करायलाय?

बीड_बायपास

विका आन फॉर्च्युनर घ्या. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर टीटी चालवणाऱ्याच्या हिमतीला मात्र सलाम. मांजरसुंब्याचा घाट सोडला तर चालवता कुठं ही?

नांदेड_पेट्रोल

स्वस्तात मस्तच्या नादी लागू नका एवढंच सांगतो. माझ्या चुलतभावाची ऑक्टाव्हिया होती, कूलंट कमी झालं म्हणून एका गॅरेजवाल्यानं चक्क बोअरचं पाणी ओतून दिलं, काय होतंय पाणीच तर आहे म्हणला. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात तुम्हाला माहितीच आहे, गीझरची कॉइल काढल्यावर जे निघतं तेच रेडिएटरात आन हीटर कोअरमध्ये बसलं. वर मे महिन्यातला ४२-४३ चा पारा. रेडिएटर गेला, थर्मोस्टॅट गेला, आन गॅरेजवाला म्हणतो गाडी जुनी आहे ना भाऊ. या गाड्यांना कंपनीचं गुलाबी-जांभळं कूलंट आन डिस्टिल्ड वॉटरच लागतं, एवढंही ज्याला माहीत नाही त्याच्याकडं साठ लाखाची गाडी द्यायची का?

वाळूज_पाना

लातूरकर दादा, आधी शोरूमचं एस्टिमेट लाइनवार टाका इथं. नुसता टोटलला टोटल लावून काहीच कळत नसतं. मी कधीकाळी व्हीएजी म्हंजे फोक्सवॅगन-ऑडी-स्कोडा ग्रुपच्या गाड्यांवर टेक्निशियन होतो, आता वाळूजला दुसऱ्या कामात आहे, त्यामुळं माझं कुणाकडंच कमिशन नाही, मोकळेपणानं बोलतो.

आन नांदेडवाले भाऊ, तुम्ही सांगितलं ते बरोबर, पण ते बाहेरच्या गॅरेजचं दुखणं नाही, अडाणी गॅरेजचं आहे. शेंद्र्याला स्कोडाचा प्लांट २००१ पासनं आहे, ऑडीपण तिथंच जुळवतात, २०१० ला तर आपल्याच शहरात एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या लोकांनी, पेपरात गाजलं होतं. एवढ्या जर्मन गाड्या असलेल्या गावात त्यांना हात लावणारी शिकलेली पोरं मिळतात, फक्त बोर्ड बघून नाही, प्रश्न विचारून शोधावी लागतात.

लातूरकर_टीटी

घ्या मग. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसी फिल्टर लेबरसकट ३८,५००. प्लग चार ११,२००. डीएसजी ऑइल आन फिल्टर २९,८००. हॅल्डेक्स ऑइल ९,४००. ब्रेक फ्लुइड ४,६००. पुढचे ब्रेक पॅड २६,५००. आन शेवटी इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी ट्रीटमेंट, अंडरबॉडी कोटिंग सगळं मिळून १८,४००. हॅल्डेक्स म्हंजे काय ते मला आज कळायलंय, बाहेरच्यानं त्याचं नावच काढलं नाही.

परभणीची_ताई

माझ्याकडे टीटी नाही, घरात बीएमडब्ल्यू झी४ आहे आणि तिचे सगळे हिशोब मीच ठेवते, म्हणून पैशाच्या बाजूने दोन गोष्टी सांगते. वॉरंटी किंवा एक्सटेंडेड वॉरंटी चालू असेल तर मी डोळे झाकून शोरूमला पाठवते. कायद्याने खरं तर बाहेर सर्व्हिस केली म्हणून सरसकट वॉरंटी उडवायला नको, भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ ला स्पेअर पार्ट आणि रिपेअरच्या याच विषयावर १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, बाहेरच्या गॅरेजना पार्ट आणि स्कॅनर मिळू द्या असंही सांगितलं होतं. पुढे अपिलं वगैरे झाली. पण उद्या गिअरबॉक्सचा क्लेम अडकला तर काउंटरवर उभं राहून आयोगाचा निकाल वाचून दाखवणार का आपण? तुमची वॉरंटी संपलेलीच आहे, त्यामुळे हा मुद्दा तुम्हाला लागू नाही.

दुसरं रिसेल. असल्या गाडीचं गिऱ्हाईक लातूर-परभणीत मिळत नाही, पुण्या-मुंबईचं येतं आणि ते पहिल्यांदा सर्व्हिस हिस्ट्री मागतं. बाहेर करायची तर पक्कं जीएसटी बिल, त्यावर किलोमीटर आणि पार्ट नंबर लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर ५८ हजार देऊ नका. आणि हो, एस्टिमेट कधीचं आहे? स्पेअरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, आधीचा कागद असेल तर नवीन मागा.

वाळूज_पाना

आता बोलता येतंय. बघा दादा, शेवटची १८,४०० ची ओळ आधी खोडा. त्यातलं एकही काम कंपनीच्या शेड्यूलमध्ये नसतं, त्याला व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस म्हणतात आन ॲडव्हायजरला त्याचं टार्गेट असतं. इंजिन पळताना अडखळत नाही, एसीला वास नाही, तर कशाला? नको म्हणलं की लगेच काढतात, भांडावं पण लागत नाही. शोरूमचं खरं एस्टिमेट झालं १ लाख २० हजार.

आता बाहेरच्याच्या ५८ हजारात हॅल्डेक्स नाही आन ब्रेक फ्लुइड पण नाही. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, ते हवेतली ओल धरतं आन घाटात ब्रेक तापले की पेडल मऊ पडतं. ही दोन कामं धरली तर तो ६७-६८ हजारापर्यंत जाईल असा माझा अंदाज. म्हंजे खरा फरक ऐंशी नाही, पन्नास-बावन्न हजार. तोही कमी नाही म्हणा, पण कशाचा आहे ते कळतं. शोरूमला लेबर घड्याळावर नसतं, कंपनीच्या बुकातल्या टाइम युनिटवर असतं, १०० युनिट म्हंजे एक तास, आन पोरगं ते काम चाळीस मिनिटात उरकून चहाला गेलं तरी बुकात दीड तास असंल तर बिल दीड तासाचंच. दुसरं, पार्ट. तुमच्या इंजिनाचं नाव ईए८८८ जनरेशन ३, ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय आन व्हीआरएस २३० मध्ये पण याच घराण्यातलं इंजिन आहे. ऑइल फिल्टरचा नंबर ०६एल ११५ ५६२ नं सुरू होतो, तो स्कोडाच्या काउंटरवर पण मिळतो. प्लगचं, ऑइलचं तेच, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ००, नाहीतर तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेला नंबर छापलेला पाहिजे बस.

गंमत हॅल्डेक्सची आहे. क्वाट्रो म्हणलं तरी टीटीला मागच्या चाकांना ताकद एका क्लचमधनं जाते, डिफरन्शियलच्या तोंडाशी बसवलेला असतो, त्याला दाब द्यायला एक छोटा इलेक्ट्रिक पंप. या पिढीच्या हॅल्डेक्सला वेगळा फिल्टर नाही, पंपाच्या तोंडाला फक्त बारीक जाळी. क्लचचा घासलेला काळा चिखल त्या जाळीत साचतो, पंपाला ऑइल ओढता येत नाही, मोटर ताण घेत घेत जळते. आन डॅशबोर्डवर लाइट पेटंलच असं नाही! माणूस क्वाट्रो क्वाट्रो म्हणत फ्रंट व्हील ड्राइव्ह चालवत बसतो. शेड्यूलमध्ये काय तर तीन वर्षांनी ऑइल बदला, पाऊण-एक लिटर. पंप काढून जाळी धुवा असं त्यात नाही, म्हणून शोरूमवाला फक्त ऑइल बदलून मोकळा. पंप दोन बोल्टवर असतो, काढला की जाळी हातात येते, ब्रेक क्लीनर मारायचा, आन परत बसवताना ओ-रिंग नव्या. काम एवढंच. तुमच्या केसमध्ये एक जण हे काम अर्धं करणार आन दुसरा करणारच नाही.

तेव्हा दोघांनाही हेच दोन प्रश्न विचारा. एक, हॅल्डेक्सचा पंप काढणार का. दोन, डीएसजीची लेव्हल किती टेंपरेचरला लावणार. हा तुमचा सहा स्पीडचा ओल्या क्लचचा डीएसजी, त्यात पाच लिटरच्या वर ऑइल जातं, ते खालनं ड्रेन प्लगच्या भोकातनं ॲडॉप्टर लावून भरतात, मग स्कॅनर जोडून इंजिन चालू ठेवून ऑइल ३५ ते ४५ डिग्रीला आलं की जादाचं थेंब थेंब गळून जाऊ द्यायचं आन प्लग लावायचा. जो म्हणंल मोजून पाच लिटर टाकतो, त्याला रामराम.

जालना_स्टील

पाना भाऊंचं बाकी सगळं मान्य पण शोरूमची बाजू कुणीच मांडायना म्हणून लिहायलो. माझी गाडी पहिल्यापासून शोरूमलाच जाते. बाहेरचा माणूस स्कॅनरवर कोड वाचतो, उडवतो, ठीक आहे, पण उद्या इन्स्ट्रुमेंट क्लस्टर गेला, नवीन टाकायचा तर तो कॉम्पोनंट प्रोटेक्शनमध्ये लॉक असतो, कंपनीच्या सर्व्हरला जोडल्याशिवाय गाडी त्याला ओळखतच नाही. आन टीटीला दुसरं मीटरच नाही, समोरची स्क्रीन गेली की सगळंच गेलं. सॉफ्टवेअर अपडेट पण तिथंच. मी समृद्धीवर सकाळी मुंबईला निघतो, १२० च्या लिमिटमध्ये तास न तास पळते, मधी बंद पडली तर टो करून नेणारं कुणीतरी पाहिजे मला. पन्नास हजार त्या निवांतपणाचे समजतो.

वाळूज_पाना

मान्य की. क्लस्टर, इमोबिलायझर, चावी, एअरबॅग, आन रिकॉल (दोष काढायला कंपनीनंच गाडी परत बोलावणं) असंल तर तो, ही कामं शोरूमचीच. रिकॉलचं काम तर बाहेर सर्व्हिस करणाऱ्याला पण फुकटच करून देतात, जाता जाता चेसिस नंबर टाकून विचारून घ्या. पण ऑइल बदलायला सर्व्हर लागत नाही मालक. पुढच्या पॅडला पण लागत नाही, मागचे असते तर इलेक्ट्रिक हँडब्रेकची मोटर स्कॅनरनं मागं घ्यावी लागते, ते चांगल्या गॅरेजला जमतं.

लातूरकर, कुठंही नेली तरी गाडी लिफ्टवर असताना वॉटर पंपाकडं टॉर्च मारायला सांगा. पंप आन थर्मोस्टॅटचं हाऊसिंग प्लास्टिकचं आहे, या इंजिनाला तिथनं कूलंट झिरपायची सवय असते, वाळलेले गुलाबी डाग दिसतात. टीटीचं उत्पादन २०२३ च्या नोव्हेंबरात बंद झालं, पण इंजिन-गिअरबॉक्सच्या पार्टची काळजी नाही. दरवाजा, बंपर, काच जपा मात्र.

बीड_बायपास

फॉर्च्युनरला यातलं काहीच लागत नाही बरं का.

परभणीची_ताई

फॉर्च्युनरला पण पॅड लागतात हो दादा.

लातूरकर_टीटी

दोघांना फोन केला. शोरूमच्या ॲडव्हायजरनं १८,४०० एका वाक्यात काढले, हूं का चूं नाही. पंप काढणार का म्हणलं तर म्हणला सर ते शेड्यूलमध्ये येत नाही, वेगळं जॉब कार्ड करावं लागंल, रेट विचारून सांगतो, अजून सांगायलाय.

गॅरेजवाल्याला डीएसजीचं विचारलं. तो थोडा वेळ गप्पच बसला, मग हसला आन म्हणला, पस्तीस ते पंचेचाळीस, कोण शिकवलं तुम्हाला मियाँ? हॅल्डेक्सचं म्हणला बोललो नव्हतो कारण गिऱ्हाईक नाव ऐकूनच पळून जातंय, पंप काढून जाळी धुऊन ओ-रिंगसकट सात हजार, ब्रेक फ्लुइड अडीच, म्हंजे ६७,५००. पक्क्या बिलावर टॅक्स वेगळा म्हणायलाय, तो स्पेअरवर आन लेबरवर १८ टक्के लागला की ८० हजाराच्या जरा खाली बसतंय. म्हंजे फरक चाळीसवर आला, ताईंनी पक्कं बिल म्हणलं नसतं तर हे ध्यानातच आलं नसतं.

तरी त्याच्याकडंच न्यायचं ठरवलंय, येळवस (वेळ अमावस्या) झाली की. जुने पार्ट डिकीत टाकून द्यायचे आन जाळीचा धुवायच्या आधीचा फोटो पाठवायचा, हे कबूल करून घेतलंय. चेसिस नंबर शोरूमला दिलाय रिकॉलसाठी. पॅड ओरिजिनल टाकू का टीआरडब्ल्यू या बाहेरच्या कंपनीचे, तेवढं सांगा कुणीतरी, तो म्हणतोय टीआरडब्ल्यूत नऊ हजार वाचतील.

वाळूज_पाना

टीआरडब्ल्यू चालतील, बिनधास्त टाका. फक्त डिस्कची जाडी मायक्रोमीटरनं मोजायला सांगा, कमीत कमी किती पाहिजे ते डिस्कच्या मधल्या भागावर कोरलेलं असतं. त्याच्या जवळ आली असंल तर नवे पॅड जुन्या डिस्कवर बसवू नका.