मदत हवी आहे: गरम झाली की '६७ची मस्टँग चालू होत नाही (शनिवारच्या आत!)

वुडवर्डचा_पाहुणा (बुधवार, रात्री ९:४०)
जाणकारांनी लवकर सांगा. शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची मिरवणूक) आहे आणि माझ्या मसल कारने ऐनवेळी दगा दिलाय. गाडी १९६७ची मस्टँग, रिस्टोर केलेली. थंड असताना व्यवस्थित चालू होते. वीसेक मिनिटं फिरवून आणली आणि बंद केली की संपलं. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही. तासाभराने काही न करता चालू होते. बॅटरी नवीन. आज पंपावर मागे सहा गाड्या थांबल्या होत्या, एक गोरे आजोबा ढकलायला उतरले. कृपया अवांतर चर्चा नको.

पद्मिनीवाले_काका
शंभर टक्के व्हेपर लॉक, उष्णतेने पेट्रोल नळीतच उकळतं. आमच्या पद्मिनीला खंडाळ्याच्या घाटात दर मे महिन्यात हेच व्हायचं. एसी पंपावर (इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर) ओलं फडकं टाकायचं, बॉनेट उघडं ठेवून चहा प्यायचा, पंधरा मिनिटांत गाडी तयार. फडकं सुती घ्या, टेरिकॉट पाणी धरत नाही.

बे_एरियातला_बंड्या
काकांना +१. त्यात अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल, ते लवकर उकळतं. कार्बोरेटरच्या खाली उष्णता अडवणारा फिनॉलिक स्पेसर टाका, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या. इथले म्हातारे नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावतात. हसू नका, कार शोमध्ये कुठलंही बॉनेट उघडून बघा.

तारायंत्र
कार्बोरेटर दोन बॅरलचा की चार? पॉइंट अजून आहेत की इलेक्ट्रॉनिक इग्निशन? नुसतं "रिस्टोर केलेली" म्हणून काहीच कळत नाही.

वुडवर्डचा_पाहुणा
व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) ७एफ०१सी ने सुरू होतो, म्हणजे डिअरबॉर्नच्या कारखान्यातली, कूप, २८९ घन इंचांचं इंजिन. रंग अकापुल्को ब्लू. काका, फडकं भिजवून तयार ठेवलंय, पण एसी पंप सापडत नाही.

नंबर_मॅचिंग
दोन बारीक दुरुस्त्या. एक, मस्टँग ही मसल कार नव्हे, पोनी कार. मसल कार म्हणजे १९६४ची पाँटिअॅक जीटीओ: मधल्या आकाराची गाडी आणि त्यात ३८९चं दांडगं इंजिन. दोन, व्हिनमधला 'सी' म्हणजे दोन बॅरलचं २८९, २०० हॉर्सपॉवर. २७१ हॉर्सपॉवरवालं हायपो (हाय परफॉर्मन्स) हवं तर तिथे 'के' लागतो.

बे_एरियातला_बंड्या
'६७मध्येच मस्टँगला ३९० मिळालं होतं. ते दांडगं नव्हतं का?

नंबर_मॅचिंग
यांच्या गाडीत आहे का ३९०?

तारायंत्र
तुमचा वाद नंतर. पाहुणे, एसी पंप सापडत नाही म्हणजे काय? २८९ला तो पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला खाली असतो. तिथे काय दिसतंय?

वुडवर्डचा_पाहुणा
तिथे दोन बोल्टने बसवलेली पत्र्याची चकती आहे. पंप टाकीत आहे ना, इलेक्ट्रिक. गाडीला कार्बोरेटर नाही, ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन) आहे. वरून जुन्या पद्धतीचं गोल एअर क्लीनर असल्यामुळे दिसत नाही. मला वाटलं आजकाल सगळे तेच करतात, वेगळं काय सांगायचं.

बे_एरियातला_बंड्या
धन्य आहात. मी इथे स्पेसर आणि चिमटे सांगत बसलोय.

पद्मिनीवाले_काका
तरी एकदा फडकं टाकून बघायला काय जातं?

तारायंत्र
कशावर टाकणार काका? टाकीतून ५०-६० पीएसआय दाबाने पेट्रोल येतंय, एवढ्या दाबाखाली ते नळीत सहजासहजी उकळत नाही. पाहुणे, आता बदललेलं सगळं एकदाच सांगा. सगळं.

वुडवर्डचा_पाहुणा
बरं. व्हिनवर २८९ आहे, पण आत १९९१च्या मस्टँगचं ५.० लिटरचं इंजिन आहे, त्याच्याच टी-५ गिअरबॉक्ससकट. थ्रॉटल बॉडी ईएफआय, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्याच्याच अंगावर. डिस्ट्रिब्युटर किटमधला, स्पार्कसुद्धा ईसीयूच देतो. पुढे डिस्क ब्रेक, दोन इलेक्ट्रिक पंखे. वायरिंग आधीच्या मालकाने घरी केलंय. सीट मी बदलल्या.

नंबर_मॅचिंग
म्हणजे '६७चं काय उरलं? पत्रा आणि नंबर प्लेट?

वुडवर्डचा_पाहुणा
मुलीला मागे बसवून हायवेवर जातो मी. चार ड्रम ब्रेकवर तुम्ही जाऊन दाखवा.

नंबर_मॅचिंग
जातो की. दर रविवारी. अंतर ठेवून.

कोथरूड_टू_केंटकी
हे पुण्यात न्यायचं तर किती खर्च येईल? माझ्या मामांची इच्छा आहे.

तारायंत्र
वेगळा धागा काढा. आणि मामांना आधी सांगा की स्टिअरिंग डावीकडे आहे.

बे_एरियातला_बंड्या
५.० आहे म्हणता? मग फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, बघा. जुन्या २८९ची १-५-४-२-६-३-७-८. नव्या ५.० एचओची १-३-७-२-६-५-४-८. कोणी जुनं पुस्तक बघून वायरी लावल्या असतील.

तारायंत्र
तसं असतं तर थंड असतानाही खोकत, फटाके वाजवत चालली असती. वायरी गरम-थंड बघून जागा बदलत नाहीत.

बे_एरियातला_बंड्या
मग फोर्डची ती गुलाबी रेझिस्टन्स वायर. किल्लीपासून कॉइलपर्यंत कारखान्यातूनच अशी वायर असते, कॉइलला मुद्दाम कमी व्होल्टेज देते म्हणजे पॉइंट जळत नाहीत. घरी वायरिंग करणाऱ्याने ईसीयूला तिथूनच वीज दिली असणार. १२च्या जागी ७-८ व्होल्ट. माझ्या '६८ला हेच झालं होतं.

तारायंत्र
तुमच्या '६८चं लक्षण काय होतं? सेल्फ मारताना चालू, किल्ली सोडली की बंद?

बे_एरियातला_बंड्या
बरोबर तेच.

तारायंत्र
कारण सेल्फ मारताना सोलेनॉइडचा 'आय' स्क्रू कॉइलला थेट बॅटरीची वीज देतो, किल्ली सोडली की गुलाबी वायरवर भिस्त. पाहुणे, तुमचं तसं होतं का?

वुडवर्डचा_पाहुणा (गुरुवार, सकाळी ७:१०)
नाही, उलट. किल्ली धरून ठेवली की नुसताच फिरत राहतो. वैतागून सोडली की त्या क्षणी कधीकधी भक्कन पकडतो. थंड असतानासुद्धा सोडतानाच चालू होते, ती सवयच झालीय. हे महत्त्वाचं आहे का?

तारायंत्र
अहो!! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.
ईसीयूला दोन ठिकाणांहून वीज लागते. जाडी वायर थेट बॅटरीची. बारीक वायर किल्लीची, तिच्यामुळे तो जागा होतो. ही बारीक वायर आधीच्या मालकाने बहुतेक अॅक्सेसरीवरून घेतलीय, म्हणजे रेडिओच्या. सेल्फ मारताना किल्ली अॅक्सेसरी बंद करते, सगळी ताकद स्टार्टरला मिळावी म्हणून. म्हणजे तुम्ही सेल्फ मारता तेव्हा ईसीयू झोपलेला. किल्ली सोडली की तो उठतो, फिरत्या इंजिनच्या उरलेल्या दोन-चार फेऱ्यांत जमलं तर जमलं. शिवाय दर वेळी उठताना पेट्रोलचा एक फवारा मारतो. थंड इंजिनला तो हवाच असतो. गरम इंजिनला चार प्रयत्नांत चार फवारे, प्लग ओले. तासाभरात पेट्रोल उडून जातं म्हणून "काही न करता" चालू होते.
तपासणी: मीटर त्या बारीक वायरवर लावा आणि सेल्फ मारा. शून्य दिसलं तर चोर सापडला. खात्रीसाठी ती वायर तात्पुरती सोडवून बॅटरीच्या प्लसला जोडा, मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज घाला, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि गरम गाडी चालू करून बघा. हे गॅरेजमध्ये करू नका, आणि शेवटची ओळ वाचल्याशिवाय सुरुवात करू नका.
शेवटची ओळ: अशी जोडल्यावर किल्लीने इंजिन बंद होणार नाही.

वुडवर्डचा_पाहुणा (गुरुवार, संध्याकाळी ६:२२)
मीटर शून्य! जोडली आणि अर्ध्या सेकंदात चालू झाली, गरम असताना!! पण आता बंद होत नाहीये. किल्ली माझ्या खिशात आहे आणि गाडी चालू आहे. शेजारी बाहेर आलेत.

तारायंत्र
शेवटची ओळ.

पद्मिनीवाले_काका
वायर काढा हो! प्लसची!

वुडवर्डचा_पाहुणा
काढली. बंद झाली. शेजाऱ्याला वाटलं मी मुद्दाम आवाज ऐकवतोय, त्याने अंगठा दाखवला.
आता कायमचं काय करू?

बे_एरियातला_बंड्या
डॅशवर टॉगल स्विच बसवा, रेसिंगच्या गाड्यांसारखा. चोरालाही कळणार नाही.

तारायंत्र
नको, एक दिवस स्विच चालू राहील आणि सकाळी बॅटरी बसलेली असेल. किल्लीच्या मागे 'ऑन' आणि 'स्टार्ट' दोन्हीत जिवंत राहणारी वायर शोधा, गुलाबी वायरीच्या अलीकडे, म्हणजे किल्लीच्या बाजूला. रंगावर विश्वास ठेवू नका, इतक्या वर्षांत किती हात लागलेत देव जाणे. सेल्फ मारताना मीटरवर १०च्या आसपास राहायला हवं. सापडली की तिथून रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवा आणि ईसीयूची बारीक वायर रिलेवर घ्या. सोल्डर करून स्लीव्ह घाला, नुसती टेप गुंडाळू नका.

नंबर_मॅचिंग
एक सांगू का? दोन बॅरलची कूप होती म्हणून मी फार मनाला लावून घेत नाही. '६७ साली ४,७२,१२१ मस्टँग बनल्या, त्यातल्या बहुतेक कूपच. के-कोड असती तर मात्र या धाग्यावर रडलो असतो. मूळचं २८९ विकलं का? ब्लॉकवर तारखेचा कोड असतो, मला फोटो हवाय.

वुडवर्डचा_पाहुणा (रविवार, सकाळी ११:०५)
रिले बसवला. काल फर्नडेलपासून पाँटिअॅकपर्यंत गेलो, परतही आलो. ऊन, गर्दी, मुंगीच्या पावलांनी. सात वेळा बंद केली, सातही वेळा किल्ली धरूनच चालू झाली. तारायंत्र, डेट्रॉइटकडे आलात तर जेवायला या. काका, फडकं गाडीतच ठेवलंय, शेवटी काच पुसायला कामी आलं. नंबर_मॅचिंग, मूळचं इंजिन आधीच्या मालकाच्या कोठारात आहे, फोटो मागवतो.
आता फक्त एकच. हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा आणि तापमानाचा काटा दोन्ही सरकतात. वेगळा धागा काढू का?

तारायंत्र
काढा. डॅशच्या मागची अर्थिंगची वायर काढून पुन्हा कुठे लावली आहे का, ते पहिल्या ओळीत लिहा.

वुडवर्डचा_पाहुणा
सीट बदलताना एक काळी वायर लोंबत होती, ती मी कापली. ती असेल का?