स्क्वॉटसाठी १०० किलोचे उद्दिष्ट कितपत वास्तववादी आहे?

प्रश्न : मी सध्या ६० किलो वजन घेऊन ५ रेप्सचे (आवर्तनांचे) ३ सेट (फेऱ्या) स्क्वॉट, म्हणजे वजनासह खाली बसून उठण्याचा व्यायाम, करतो. वर्षभरात १०० किलोपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट योग्य ठरेल का, आणि वजन कोणत्या गतीने वाढवावे?

प्रतिसाद १ : १०० किलो एकदाच उचलायचे आहेत की ५ वेळा, हे आधी ठरवावे, कारण ६० किलोच्या ५ रेप्स म्हणजे एका रेपसाठी साधारण ७० किलोची क्षमता होय आणि त्यामुळे दोन्ही उद्दिष्टांतील अंतर बरेच मोठे आहे. सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंचा अधिक चांगला वापर करायला शिकल्यामुळे होते; तीच गती वर्षभर टिकेल असे गृहीत धरून केलेले वेळापत्रक बहुधा कोलमडते.

प्रतिसाद २ : वरील मताशी सहमत आहे. गतीविषयी सांगायचे तर, तिन्ही सेट पूर्ण खाली बसून आणि पाठीची ठेवण न बिघडता झाले, तरच पुढच्या वेळी २.५ किलो वाढवावे. सलग दोन-तीन सत्रांत रेप्स अपुऱ्या राहिल्यास वजन सुमारे १० टक्क्यांनी कमी करून पुन्हा चढत जावे. (वहीत नोंद ठेवावी, स्मरणशक्ती या बाबतीत फार उदार असते.)

प्रतिसाद ३ : माझ्या मते तारखेचा आग्रह नकोच. आठवड्यातून किती सत्रे करायची, हे ठरवणे आपल्या हाती असते, १०० किलोचा दिवस नसतो. झोप आणि पुरेशी प्रथिने, म्हणजे शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम, यांचाही उद्दिष्टांत समावेश करावा.