घरचं माणूस विनाकारण आत असताना: तुमचे अनुभव

रविवारी ‘कन्व्हिक्शन’ (2010) पाहिला. अमेरिकेतली खरी गोष्ट. केनी वॉटर्सला 1983 साली खुनाबद्दल जन्मठेप झाली. शाळा अर्धवट सोडलेली त्याची बहीण बेटी अ‍ॅन शिकून वकील झाली आणि डीएनए तपासणीच्या जोरावर 2001 मध्ये तिने त्याला सोडवलं. सुटल्यावर सहाच महिन्यांत तो भिंतीवरून पडून वारला. सिनेमात हे नाही. मला तर तेच बघायचं होतं, सुटल्यावरचं घर. ठाणे-नवी मुंबईत ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा. नावं, केस नंबर नकोत.

कळवा
धाकटे दीर चोरीच्या केसमध्ये होते. तारखेला आम्ही कोर्ट नाक्यावर हजर, आणि कळायचं की त्यांना तुरुंगातून आणायला पोलीस पार्टी मिळाली नाही, व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, दाखवतील. सासूबाईंना वाटायचं, पडद्यावर दिसतोय म्हणजे त्याला आपलं ऐकू जातंय. भर कोर्टात विचारायच्या, “जेवलास का रे?” शिपाई गप्प करायचा, पण हळू आवाजात. पुढे निर्दोष सुटले. तरी चारित्र्य पडताळणीत केस निघाली आणि सिक्युरिटीची नोकरी हातची गेली. ह्याची भरपाई कुणाकडे मागायची?

ऐरोली
आमच्या भावोजींना जामीन मिळाला म्हणून पेढे वाटले, आणि माणूस आतच! जामीनदार हवा, त्याचा ऐपतीचा दाखला हवा. आमचं घर भाड्याचं, रेशनकार्ड गावचं. एरवी लग्नात पुढे पुढे करणारे नातेवाईक फोन उचलेनात. शेवटी वकिलांनी तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज केला, ताईने पाटल्या मोडल्या.

खारघर
मुलाकातीला काचेपलीकडून बाबा एकच विचारायचे, गॅस सिलिंडर आला का. बाकी नाही लिहवत.

कोपरी
मी वकिलाकडे कारकून आहे. ऐरोलीकर, जामीन होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, असा सुप्रीम कोर्टाचा 2023 चा आदेश आहे. वकीलही तिथून फुकट मिळतो. कळवेकर ताई, भरपाईचा कायदा विधी आयोगाने 2018 मध्ये सुचवला, तो अजून कागदावरच आहे. तूर्त निकालाच्या दोन-तीन सर्टिफाईड कॉप्या काढून ठेवा आणि पडताळणीच्या अर्जाला एक जोडा. झेरॉक्स देऊ नका, परत पाठवतात.