पिल्लाऐवजी 4 वर्षांची कुत्री दत्तक घ्यावी का?

मुलुंडकर:
आम्ही मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघे, 9 वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांच्या सासूबाई आहेत. आम्ही दोघेही सकाळी सव्वाआठच्या लोकलने निघतो ते संध्याकाळी सातपर्यंत परततो. मुलाला पिल्लू हवे आहे; दुकानात 35 दिवसांचे पिल्लू पाहून तो हरखून गेला होता. आम्ही मात्र त्याला घेऊन एका शेल्टरमध्ये गेलो, तेव्हा तिथली 4 वर्षांची तपकिरी देशी कुत्री पिल्लांच्या गोंधळाकडे ढुंकूनही न पाहता सासूबाईंच्या खुर्चीपाशी येऊन बसली. तेव्हापासून मला तीच आणावीशी वाटते. सासूबाईंना ती आवडली, पण मोठे जनावर आधीचे घर विसरत नाही आणि आपले होत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यातच कुत्र्याला लिफ्टमधून नेता येणार नाही, असे सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधीच सांगून ठेवले आहे. अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावे.

परळची:
आधी त्या दुकानातल्या पिल्लाविषयी. 8 आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीच्या 2017 च्या नियमांनुसार मनाई आहे, त्यामुळे 35 दिवसांचे पिल्लू दाखवणाऱ्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नये.

तुमच्या घराचे वेळापत्रक पाहता पिल्लाचा सारा भार सासूबाईंवर पडेल. 3 महिन्यांचे पिल्लू जेमतेम तीन-चार तास लघवी रोखू शकते, त्याला दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावे लागते, आणि दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत, म्हणजे साधारण 6-7 महिन्यांचे होईपर्यंत, ते चपलांपासून सोफ्याच्या पायापर्यंत दिसेल ते चावत सुटते. लसींचे डोस 6 ते 8 आठवड्यांच्या वयात सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी, 16 आठवड्यांचे होईपर्यंत चालतात. तोवर पार्व्हो या जीवघेण्या संसर्गाच्या भीतीने त्याला रस्त्यावर खाली ठेवायची सोय नसते, म्हणजे सगळा कारभार फ्लॅटमध्ये, वर्तमानपत्रांवर. ती वर्तमानपत्रे दिवसभर कोण उचलणार, याचे उत्तर आधी घरात ठरवावे.

आमचा कुत्रा आमच्याकडे आला तेव्हा 5 वर्षांचा होता. त्याचे आधीचे कुटुंब परदेशी गेले होते. पहिल्या 9 रात्री तो दाराशी, चपलांच्या स्टँडला पाठ टेकवून झोपला. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की उठून उभा राहायचा, दार उघडून कोणी दुसरेच निघून गेले की पुन्हा बसायचा. ते पाहवत नसे. दहाव्या दिवशी लिफ्ट थांबली तेव्हा त्याने नुसता कान हलवला, आणि थोड्या वेळाने यजमानांची पावले जिन्यात वाजली तेव्हा मात्र उठला. सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे: तो जुने घर विसरला नसावा, पण म्हणून आमचा व्हायचा काही राहिला नाही.

गोरेगावकर:
परळच्या ताईंशी मी बराच सहमत आहे, तरी एक इशारा देतो. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव आधीच कळतो असे सगळे सांगतात, पण शेल्टरमध्ये दिसणारा शांतपणा कधी कधी निव्वळ भीती असते. शेपूट पोटाशी, कान मागे, खाऊ हातातून न घेणे, या खुणा पाहाव्यात. तुमची कुत्री आपण होऊन माणसाजवळ आली, ही चांगली गोष्ट आहे. मी फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, आणलेली एक ‘अगदी शहाणी’ कुत्री तिसऱ्या आठवड्यात दारावरच्या प्रत्येक माणसावर भुंकू लागली, कारण तोवर तिला भुंकायचेही धाडस झाले नव्हते.

त्याच कुत्रीने मला आणखी एक धडा दिला. चौथ्या दिवशी रिक्षाचा बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि तिने मान मागे खेचून पट्टा सोडवला. 5 तासांनी ती आमच्याच गल्लीत, उभ्या टेम्पोखाली सापडली. त्यामुळे निदान पहिला महिना हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घालावेत, दोन्हींना वेगवेगळी दोरी लावावी, आणि घराचे दार उघडताना तिला आतल्या खोलीत ठेवावे.

मुंबईच्या दमट हवेत गोचिड बारा महिने असतात, म्हणून गोचिडतापासाठी रक्त तपासून घ्यावे. रेबीजची लस कधी दिली ते कार्डावर पाहावे आणि पावसाळ्यापूर्वी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस झाली आहे ना, हे विचारावे. शेल्टरवाल्यांना स्पष्ट विचारा: जेवताना कोणी जवळ गेले तर गुरगुरते का, लहान मुलांबरोबर राहिली आहे का, आणि एकटी किती वेळ राहते. शक्य असल्यास आधी तीन आठवडे फॉस्टर म्हणून न्या.

दादरकर:
सोसायटीपुरते सांगतो. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या 2015 च्या परिपत्रकानुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. त्याची प्रत अर्जासोबत जोडून लेखी उत्तर मागावे. तोंडी वादात मुंबईच्या कोणत्याही कमिटीपुढे कोणी जिंकलेले मी पाहिले नाही. महापालिकेचा परवानाही काढून घ्या, त्यासाठी रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. मात्र शेजारच्या ब्लॉकमध्ये कुत्र्याला घाबरणारे कोणी असेल, तर कायदा खिशात ठेवून लिफ्टची पुढची फेरी पकडावी. खासगी डॉक्टरांचा खर्च जड वाटला, तर परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहेच. नाव बैलघोड्यांचे असले तरी कुत्रेही तिथे बघतात.

मुलुंडकर:
सर्वांचे आभार. आम्ही रविवारी पुन्हा जाऊन आलो. ती जेवत असताना सांभाळणाऱ्या मुलाने वाटीत हात घातला, तेव्हा तिने फक्त मान वर केली. लहान मुलांची तिला सवय आहे, पण एकटी ठेवले की ती पहिला अर्धा तास रडते, हे त्यांनी आपण होऊन सांगितले. सासूबाई दिवसभर घरात असल्यामुळे तो प्रश्न त्यांच्या दुपारच्या भजनी मंडळापुरताच उरतो, आणि त्या वेळी खालच्या मजल्यावरच्या काकू बसायला तयार आहेत. तीन आठवड्यांसाठी शनिवारी आणत आहोत. सासूबाईंनी एकच अट घातली आहे: देवघराच्या उंबऱ्याच्या आत ती यायची नाही. आमच्या घरात देवघराला उंबरा नाही, म्हणून मुलाने कालच जमिनीवर खडूने रेघ ओढून ठेवली आहे.