मासे गरवायची ब्रेडची (धागे विणून केलेली) दोरी नक्की किती वर्षं चालते? रंग पार उडालाय

गरीबाज:
मंडळी, एक शंका आहे. माझ्या स्पिनिंग रीलवर (गळाची दोरी गुंडाळायचं यंत्र) पीई २ ची (हा जाडीचा नंबर) आठपदरी ब्रेड आहे, भरून चौथं वर्ष लागलं. गरवतो ते बहुतेक खडकांवरून, खाऱ्या पाण्यात. मूळचा रंग गडद हिरवा. आता पुढची दोरी राखाडी-पांढरी पडलीय, आतली मात्र अजून हिरवीगार दिसते. पुढच्या भागावर बोटं फिरवली की लव आल्यासारखी लागते. इतके दिवस एकदाही दगा दिला नव्हता, पण परवा फेकतानाच फट्कन आवाज आला आणि ल्युअर (नकली आमिष) एकटाच उडून गेला. मासा लागलेला नव्हता, कुठे अडकलंही नव्हतं. रंग उडाला म्हणजे ताकद गेली असं समजायचं का? आणि ही दोरी धुवायची असते का, असल्यास कशी?

तंगूसच_बरी:
बदलून टाका. माझा नियम सरळ आहे: दरवर्षी नवी दोरी. जुनी दोरी आणि मोठा मासा नेमके एकाच दिवशी गाठ घेतात. म्हणून तर मी तंगूस (नायलॉनची एकधागी दोरी) सोडत नाही, बदलताना जीव कळवळत नाही.

रीलदुरुस्ती:
दरवर्षीचा नियम तंगुसाचा, तो ब्रेडला लावू नका. नायलॉन पाणी शोषतं, उन्हाने कडक होतं, स्पूलवर (रीलची दोरी भरायची चकरी) वेटोळी धरून बसतं. ब्रेडचा धागा पॉलिएथिलीनचा. डायनीमा, स्पेक्ट्रा ही त्याचीच नावं. हा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही, नायलॉनच्या मानाने ऊनही पुष्कळ सोसतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या रीलांवर सात-आठ वर्षांची ब्रेड सर्रास असते. वरचे थर पार गेलेले आणि खालची दोरी जवळजवळ कोरी! म्हणजे वयाने नाही, घासून मरते ती. आणि मरते ती पुढची पन्नास-साठ मीटर, कारण फेकण्यात तेवढीच जाते.

रंगाचं म्हणाल तर या धाग्यात रंग मुरतच नाही, बाहेरून लेप दिलेला असतो. तो गाइडवर (रॉडवरची कडी, ज्यांतून दोरी जाते) घासून जातो. त्यामुळे नुसत्या रंगावरून काही ठरवू नका. लव मात्र मनावर घ्या. लव म्हणजे पदरांतले बारीक तंतू तुटून वर आलेत. सगळीकडे सारखी, हलकी लव असेल तर दोरी चालते. एका ठिकाणी अचानक खरखर लागली, दोरी चपटी किंवा बारीक झालेली दिसली, तर तिथे कापायची. बघायची रीत सोपी: दोरी ताणून दोन नखांच्या चिमटीतून सावकाश ओढा, उजेडाकडे धरून. डोळ्याला चुकलेलं नखाला कळतं.

ताकद तपासायची तर पाकिटावरच्या आकड्याशी तुलना करू नका, कारण गाठीत थोडी ताकद जातेच. पुढचा वापरलेला तुकडा घ्या, आतला हिरवा तुकडा घ्या, दोन्हींना एकच गाठ मारा आणि हुकाच्या वजनकाट्याने ओढून दोघांतला फरक बघा. दोरी लाकडी दांडक्याला गुंडाळायची, हाताला नाही. बोट कापलं जातं, आणि कळतं तेही उशिरा.

पण तुमचा ल्युअर गेला त्याचं कारण वेगळं असावं असा मला संशय आहे. तुटलेलं टोक अजून आहे का? त्याला डुकराच्या शेपटीसारखा पीळ पडला असेल तर गाठ सरकली. ब्रशसारखं पिंजारलेलं असेल तर दोरी झिजून गेली. साफ कापल्यासारखं असेल तर काहीतरी धारदार लागलं. कुठून तुटली तेही सांगा.

भरती_ओहोटी:
धुण्याआधी सिलिकॉनचा स्प्रे मारून बघा. माझी लव त्याने बसली, दोरी परत गुळगुळीत झाली, फेकही लांब जायला लागली.

रीलदुरुस्ती:
@भरती_ओहोटी, फेक सुधारते हे खरं, लव बसल्यासारखीही दिसते. पण तुटलेला तंतू स्प्रेने जोडला जात नाही. उलट झिजलेली जागा चकचकीत होऊन नखाला सापडेनाशी होते. मी स्प्रेच्या विरोधात नाही, फक्त आधी धुवा, वाळवा, तपासा आणि मग मारा. लीडरची (ब्रेड आणि ल्युअरमधला दोरीचा तुकडा) गाठ जिथे येते तेवढा भाग कोरडा ठेवा, बुळबुळीत दोरीवर गाठ सरकते.

आता धुण्याचं. खारं पाणी धाग्याच्या आत शिरत नसलं तरी विणीच्या फटींत राहतं आणि वाळलं की मिठाचे खडे मागे सोडतं. ते खडे दोरीही घासतात आणि गाइडच्या रिंगाही. घरी आल्यावर स्पूल काढायचा, त्यातल्या ड्रॅगच्या (मासा ओढताना दोरी धरून सोडणारा ब्रेक) चकत्या बाहेर घेऊन बाजूला ठेवायच्या (नाहीतर त्यांचं ग्रीस धुऊन जातं) आणि दोरीसकट स्पूल साध्या किंवा कोमट पाण्यात अर्धा तास बुडवायचा. कढत पाणी नको. हा धागा १४५ अंशांच्या आसपास वितळतो, पण उष्णतेने कमजोर त्याच्या बराच आधी होतो. गाठ आवळताना ओली करायची ती याचसाठी. मग सावलीत वाळवा, आणि खरोखर वाळवा. ब्रेड ओली गुंडाळून ठेवलेले स्पूल मी उघडतो तेव्हा शेवटचा थर सुटला की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसते, बोट फिरवलं तर खड्डे लागतात. दोरी शाबूत आणि स्पूल कुजलेला.

चौथ्या वर्षी मी तुमच्या जागी असतो तर दोरी उलटी भरली असती. दुसऱ्या रिकाम्या रीलवर सगळी काढायची, तिथून तिसऱ्यावर आणि मग परत आपल्या स्पूलवर. नुसती एकदा काढून परत भरली तर आहे तशीच बसते. एकच रिकामी रील असेल तर सगळी दोरी मोकळ्या मैदानात लांब सोडून दुसऱ्या टोकाने भरा. तळाशी थोडी तंगूस किंवा कापडी चिकटपट्टी हवीच, नाहीतर ब्रेड अख्खीच्या अख्खी स्पूलवर फिरते. "ड्रॅग गेला" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या रीलांत असल्या पुष्कळ असतात, ड्रॅगला काहीएक झालेलं नसतं. आणि भरताना दोरी ओल्या फडक्यातून, घट्ट ताणून घ्या. सैल भरलेल्या ब्रेडमध्ये मासा ओढतो तेव्हा वरचा वेढा खालच्यांत रुततो, पुढच्या फेकीला तिथेच अडकून तुटतो.

गरीबाज:
सविस्तर सांगितलंत, आभारी आहे. टोक शोधलं. साफ कापल्यासारखं आहे, लव-बिव काही नाही. लीडर जोडलेल्या गाठीच्या वीतभर वर तुटलंय. गाठ फेकताना टोकाच्या गाइडबाहेर असते, म्हणजे ती अडकली असंही नाही.

रीलदुरुस्ती:
मग वयाचा दोष नाही. फेकायच्या क्षणी गाठ बाहेर लोंबत असेल तर तिच्या वीतभर वरची दोरी नेमकी टोकाच्या गाइडवर येते. दर फेकीला सगळा झटका त्याच जागी. कापसाचा बोळा घ्या आणि एकेका गाइडच्या रिंगेतून आतल्या कडेला दाबून फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे भेग आहे.

तंगूसच_बरी:
बघा, तंगूस वापरली असती तर गाइडची एवढी चौकशी करावी लागली नसती.

रीलदुरुस्ती:
तंगूसही तुटली असती, चार फेकी उशिरा.

गरीबाज:
अडकला! टोकाच्याच गाइडमध्ये. आत बॅटरी मारून बघितलं तर रिंगेत केसाएवढी चीर आहे, नख खटकतं. बाकीचे सगळे स्वच्छ आहेत. हा एकच बदलता येईल का? आणि दोरी ठेवू ना?

रीलदुरुस्ती:
टोकाचा गाइड सगळ्यांत सोपा. तो नुसता डिंकावर बसलेला असतो. धातूची नळी लायटरने थोडी शेकवा, ज्योत रॉडला लागू देऊ नका, आणि चिमट्याने सरळ ओढा. पिरगळू नका, टोक मोडतं. नवा त्याच नळीच्या मापाचा घ्या आणि रॉडवरच्या बाकी गाइडांच्या ओळीत बसवा.

दोरी ठेवा. पुढची आठ-दहा मीटर कापून टाका, चिरेवरून तीच सारखी गेलीय, मग उलटी भरा. आठपदरीचे पदर बारीक असतात, खडकावर लवकर झिजतात. पुढे कधी नवी घेतलीत तर या जागेसाठी चारपदरी बघा. गाइडमधून जाताना आवाज करते, पण खडक जास्त सोसते.

गरीबाज:
गाइड मागवतो. कापलेली दोरी कचऱ्यात चालेल ना?

रीलदुरुस्ती:
अख्खी नको. ही वर्षानुवर्षं कुजत नाही, पक्ष्यांच्या पायाला एकदा गुंतली की सुटत नाही. कात्रीने बोटाएवढे तुकडे करा आणि मगच टाका. कात्री धारेची घ्या, बोथट असली तर ब्रेड नुसती पात्यांमध्ये दुमडते.