‘कन्व्हीन’ आणि ‘संगम’: मायलेकी की बहिणी?

शब्दवेडी: काल एक पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही. ‘कन्व्हीन म्हणजे आपलाच संगम. सं चं झालं कन्, गम चं झालं व्हीन. इंग्रजांनी संस्कृतातून उचलला.’ खाली नुसती वाहवा! अहो, कन्व्हीन म्हणजे सभा भरणे किंवा भरवणे; हा शब्द 15 व्या शतकात फ्रेंचमार्गे लॅटिनमधून इंग्रजीत आला. मूळ ‘कॉन्वेनिरे’. कॉम म्हणजे सोबत, वेनिरे म्हणजे येणे. ईस्ट इंडिया कंपनीची सनदच 1600 ची. मग उचलला कधी आणि कुठून?

मूळपुरुष: पोस्ट माझीच आहे, ताई. संस्कृतातला ‘गम्’ म्हणजे जाणे हा धातू आणि वेनिरे यांचं मूळ एक नाही, असं छातीठोक सांगा बघू.

शब्दवेडी: एकच आहे, मी कुठे नाकारलं? संस्कृतात ग किंवा ज, तिथे लॅटिनमध्ये व आणि इंग्रजीत क, अशी ती रांग लागते. गम्, वेनिरे, कम. जीव, वीवुस, क्विक. क्विकचा जुना अर्थ जिवंत असाच होता. म्हणजे रोजचं साधं ‘कम’ हे गम् चं भावंड. पण भावंड, लेकरू नव्हे. संस्कृत शिकलेले इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स 1786 मध्ये कलकत्त्यात हेच म्हणाले होते: या भाषा एका मूळ भाषेतून निघाल्या, आणि ती कदाचित आता उरलेलीही नाही. शिवाय सम् आणि कॉम यांचं नातंच नाही. सम् चं गोत्र लॅटिनच्या ‘सिमुल’शी, इंग्रजीच्या ‘सेम’शी जुळतं.

कारकून: मूळ राहू द्या, वापराचं बोला. 18 वर्षं परिपत्रकं टाइप करतोय. ‘सभा भरेल’ लिहिलं की साहेब लाल रेघ मारतात आणि वर ‘सभेचे संयोजन करण्यात येत आहे’ लिहितात. आपल्याकडे भरणे-भरवणे, जमणे-जमवणे अशा जोड्या आहेत. इंग्रजी एकट्या कन्व्हीनवर दोन्ही भागवते. एवढी सोय असून आपण ती फेकून देतो, याचा मला खरंच संताप येतो.

मूळपुरुष: ‘जमणे’ तरी कशाला? अरबी आहे ते. ‘एकत्र येणे’ लिहा.

पाटीपेन्सिल: अरबी आहेच. जमा, जमाव त्याच घरचे. पण ‘मला जमणार नाही’ याला तुम्ही काय म्हणणार, ‘मला एकत्र येणार नाही’? वडील गेल्यावर आम्ही चौघं भावंडं घराच्या वाटणीला बसलो. तीन तास. दार उघडलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, “जमलं का?” सगळे तर जमले होते, पण जमलं काहीच नव्हतं. लॅटिनच्या कॉन्वेनिरेत हेच दोन्ही अर्थ आहेत: गोळा होणे, आणि पटणे, सोयीचं होणे. कन्व्हिनियंट तिथूनच आला. या क्रियापदाला जमणेइतका नेमका शब्द मला तरी दुसरा दिसत नाही.

मूळपुरुष: परका तो परकाच! तुम्हा लोकांना आपलं काही थोर आहे म्हटलं की पोटात दुखतं.

शब्दवेडी: हे फार झालं. सहा वर्षं मी संस्कृत शिकवलंय, धातुरूपावली पोरांकडून घोकून घेतलीय. तिच्यावर माझं प्रेम आहे, म्हणूनच तिच्या नावावर खोटं खपवलेलं मला चालत नाही. आणि ‘थोर’ सिद्ध करायला लॅटिनला तिची लेक कशाला ठरवायला हवी?

कारकून: आवाज खाली घ्या दोघंही. कॉन्व्हेंट, इव्हेंट, रेव्हेन्यू, सगळी वेनिरेचीच पिलावळ ना? त्यावर कुणी लिहिलं असतं तर दोन गोष्टी कळल्या असत्या.

मूळपुरुष: ठीक आहे. ‘उचलला’ मागे घेतो, ‘सं’चंही चुकलं. पोस्ट दुरुस्त करतो. पण गम् सोडणार नाही, आणि ‘जमणे’ माझ्या हातून लिहिलं जाणार नाही.

पाटीपेन्सिल: नका लिहू. पण बोलताना किती वेळा तोंडात येतं, ते आठवडाभर मोजा आणि इथे सांगा.

कारकून: उद्याच्या परिपत्रकात ‘सभा भरेल’ लिहून ठेवलंय. रेघ आली तर कळवतो.